परळची संवाद कार्यशाळा: व्हिडिओचा भाग चुकवू नका

मी नर्सिंग शिकवते. आमच्या मुलींना रुग्णाशी कसं बोलावं हे शिकवणाऱ्या परळच्या या कार्यशाळेला नेलं होतं. हौशी रंगभूमीवरचे एक काका रुग्णाच्या भूमिकेत होते, नुकताच मधुमेह कळलेले. आमच्या एका मुलीने त्यांना इन्सुलिन समजावलं, तिच्याच मोबाईलवर चित्रण झालं आणि मग तिने ते पाहिलं, आधी आवाज बंद करून! 'काही शंका?' विचारताना नजर फाइलवरच, हे तिचं तिलाच दिसलं. दुसऱ्या खेपेला खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "काका, आता तुम्ही सांगा, सुई रोज त्याच जागी टोचायची का?" मला अगदी भरून आलं. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून संवादाचे धडे आहेतच. आमच्या मुली तर रुग्णापाशी दिवसभर असतात. खोली मात्र लहान, पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. पुढच्या बॅचलाही नेणार.