‘जगाला कर्ता हवा का?’ : ऑनलाइन अभ्यासवर्गाबद्दल

तर्क आवडत असेल तर हा वर्ग जरूर करा. सर प्रस्तावनेत वेळ न घालवता थेट न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांच्या अनुमानाला, म्हणजे तर्काने काढलेल्या निष्कर्षाला, हात घालतात: पृथ्वी, अंकुर वगैरे ‘कार्य’, म्हणजे निर्माण झालेल्या गोष्टी, आहेत, म्हणून घटाला कुंभार तसा त्यांनाही कर्ता हवाच. मग विरोधक येतात. कुमारिल भट्ट वेद प्रमाण मानणारे, तरी सृष्टिकर्ता नाकारतात. कर्त्याला शरीरच नाही तर निर्मितीची इच्छा कशी होणार, हा त्यांचा सवाल. नवव्या शतकातले जैन आचार्य जिनसेन विचारतात, सृष्टीआधी तो होता कुठे?

सगळ्यात सरस सत्र रामानुजाचार्यांचं. ते परम ईश्वरवादी, पण श्रुतीच्या, म्हणजे वेदांच्या, आधारावर. नुसत्या अनुमानाने ईश्वर सिद्ध होतो हे त्यांना मान्य नाही. रथ, प्रासाद अनेकजण मिळून घडवतात, मग जगाचा कर्ता एकच कशावरून? मी बांधकाम साइटवर सुपरवायझर आहे. स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगवाले, फिटर, इलेक्ट्रिशियन सगळे एकाच वेळी वर चढलेले असतात. मला हा मुद्दा लगेच भिडला.

बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती मात्र शेवटच्या काही मिनिटांत उरकला, याची खंत वाटते. वारूळही मातीचंच, म्हणून तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का, हा त्याचा आक्षेप मूळ अनुमानाच्या मुळावर येतो. त्याला स्वतंत्र सत्र हवंच.

टिपणांची पीडीएफ पुसट आहे, मोबाइलवर वाचवत नाही. संस्कृत येत नसेल तरी अडत नाही. प्रत्येक वाक्य मराठीत उलगडतात.