ग्लायडरच्या उपकरणासोबत मिळालेले बनावट कॅलिब्रेशन प्रमाणपत्र

वापरलेली उड्डाण-उपकरणे विकणाऱ्या एका मध्यस्थाकडून मी ग्लायडरसाठी, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानासाठी, इलेक्ट्रॉनिक व्हेरिओमीटर विकत घेतला. उंची, हवेतील वेग आणि चढ-उताराचा दर दाखवणारे, शिवाय उड्डाणाची आयजीसी फाइल (ग्लायडिंगमध्ये पुरावा म्हणून चालणारी उड्डाणमार्गाची नोंद) ठेवणारे हे एकत्रित यंत्र होते आणि ते ‘नुकतेच कॅलिब्रेट केलेले’, म्हणजे प्रमाण उपकरणाशी ताडून पाहिलेले, असल्याचे सांगून त्याची किंमत बरीच चढवलेली होती. कोल्हापूर-सांगलीकडचे आणखी काही जण सध्या अशाच यंत्राच्या शोधात आहेत, म्हणून हा व्यवहार सविस्तर मांडत आहे.

विक्रेत्याने माझ्या घरी येऊन यंत्र बॅटरीला जोडून दाखवले. चढ-उताराचा आकडा शून्यावर स्थिर होता आणि उंची ५७० मीटर, म्हणजे साधारण कोल्हापूरची, दिसत होती. हे प्रात्यक्षिक चोख वाटले तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कारण टेबलावर ठेवलेला व्हेरिओमीटर शून्यच दाखवणार आणि उंचीमापकातील दाबाचा संदर्भ-आकडा फिरवून हव्या त्या गावाची उंची पडद्यावर आणता येते. दोष असतो तो दाब बदलल्यावर उघडा पडतो. नळी जोडून पाहू का, असे मी विचारले, तेव्हा ‘‘साहेब, प्रयोगशाळेचा कागद हातात असताना नळ्या कशाला जोडताय? सेन्सर नाजूक असतो,’’ असे उत्तर मिळाले. पैसे यूपीआयने घेऊन तो निघून गेला.

तो कागदच पुढे सगळ्यात बोलका ठरला. उंचीच्या कॅलिब्रेशनसाठी यंत्र हवाबंद पेटीत ठेवून आतील दाब टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्राचा आकडा प्रमाण उंचीपेक्षा किती मीटरने चुकतो, ते तक्त्यात लिहितात. असा फरक थोडाफार निघतोच. माझ्या कागदावर मात्र प्रत्येक ओळीत चूक शून्य होती. त्याहून नवल म्हणजे, तपासणीसाठी वापरलेले संदर्भ-उपकरण म्हणून ० ते १० बारचा, ०.१ बार लघुतम माप असलेला गेज नोंदवलेला होता. ०.१ बार म्हणजे १०० हेक्टोपास्कल, आणि कोल्हापूरच्या उंचीवर दाबात तेवढा फरक पडायला ९०० मीटरांहून अधिक वर जावे लागते. शिवाय असा गेज वातावरणाच्या वरचा दाब मोजतो, तर उंचीमापकाला तपासायचे असते त्याच्या खालच्या दाबावर. कागदावर नाव असलेल्या प्रयोगशाळेत मी स्वतः गेलो. तेथील गृहस्थांनी नोंदवही काढून दाखवली: क्रमांक त्यांचाच होता, पण तो एका फाउंड्रीतील कॉम्प्रेसरच्या गेजचा होता. वस्तूचे नाव आणि तक्ता बदलून बाकीचा कागद जसाच्या तसा वापरलेला होता. प्रयोगशाळेचा यात काहीही दोष नाही.

त्यानंतर मी यंत्र तपासले. पारदर्शक नळी ‘यू’ आकारात वाकवून तिच्यात पाणी भरले, एक टोक यंत्राच्या पिटो जोडाला (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेऊन वेग मोजणाऱ्या तोंडाला) लावले, स्थिर दाबाचा जोड मोकळा ठेवला आणि सिरिंजने हलकेच दाब दिला. प्रमाण हवेत ताशी १०० किलोमीटरला दोन बाजूंच्या पाण्यातील फरक सुमारे ४८ मिलिमीटर आणि १५० किलोमीटरला सुमारे १०८ मिलिमीटर असायला हवा. ४८ मिलिमीटरला पडद्यावर ११० च्या वर आकडा येत होता. उतरताना १०० चा वेग राखला आहे असे समजणारा वैमानिक प्रत्यक्षात ९० च्या आसपास असेल, आणि जमिनीजवळ वेग कमी पडून पंखांची उचल जाणे ही या खेळातील सर्वांत वाईट गोष्टींपैकी एक आहे. पैशांपेक्षा मला याचाच अधिक राग आला.

उंचीसाठी यंत्र गाडीत घेऊन पन्हाळ्यावर गेलो. संदर्भ-आकडा न बदलता शहरातून गडावर सुमारे ४०० मीटरची वाढ दिसायला हवी होती. गरम हवेत दाबावर चालणारा उंचीमापक प्रत्यक्षापेक्षा कमी वाढ दाखवतो, त्यामुळे तीसेक मीटरची तूट मी धरूनच चाललो होतो. ती शंभराहून अधिक निघाली.

नोंदणीची बाजूही निकामी आहे. एफएआय या हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रौप्य बिल्ल्यासाठी ५० किलोमीटर अंतर, ५ तासांचे उड्डाण आणि १,००० मीटर उंचीवाढ लागते, आणि त्याचा पुरावा म्हणून दिलेली आयजीसी फाइल पडताळणीत खरी ठरावी लागते. मान्यताप्राप्त नोंदणीयंत्राचे आवरण उघडले की आतील सुरक्षा-किल्ली, म्हणजे फाइलवर डिजिटल सही करणारा गुप्त संकेत, पुसली जाते. पुढच्या फाइली तयार होतात, पण पडताळणीत नापास होतात. माझ्या यंत्राची फाइल नापास झाली आणि भिंगातून पाहिल्यावर एका स्क्रूवरचे सील कापून पुन्हा चिकटवलेले आढळले. म्हणून खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून कागदाऐवजी त्याच यंत्रावर नव्याने केलेली एक फाइल मागावी आणि ती स्वतः पडताळावी. दहा मिनिटे अंगणात यंत्र चालू ठेवले तरी ती मिळते.

विक्रेत्याने ‘जसे आहे तसे विकले’ एवढेच उत्तर पाठवून बोलणे बंद केले. प्रयोगशाळेचे लेखी पत्र आणि पैसे दिल्याची नोंद जोडून मी पोलिसांत तक्रार दिली असून तिच्यावर अद्याप निर्णय झालेला नाही. सेन्सरची चूक कदाचित येथेच दुरुस्त करून घेता येईल, परंतु सुरक्षा-किल्ली पुन्हा भरण्यासाठी यंत्र उत्पादकाकडेच पाठवावे लागणार आहे.