गुडघा प्रत्यारोपण : पाठीतली भूल की संपूर्ण भूल?

गुडघा बदलायचे ठरले की बसवला जाणारा सांधा कोणत्या बनावटीचा, याची चौकशी बहुतेक जण करतात. भूल कोणती, हा प्रश्न मात्र अनेकदा संमतीपत्रावर सही करण्याची वेळ आल्यावरच पुढे येतो. तो आधी विचारावा, कारण शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस कसा जाईल हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

पाठीतल्या भुलीत, म्हणजे स्पायनलमध्ये, रुग्णाला पाठ वाकवून बसवतात आणि कमरेच्या मणक्यांमधून अतिशय बारीक सुईने मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात औषध सोडतात. काही मिनिटांत पाय जड होतात आणि हा परिणाम साधारण दोन ते चार तास टिकतो. रुग्ण शुद्धीवर राहू शकतो. हातोडीचे ठोके ऐकण्याची धास्ती वाटत असेल, तर सोबत हलक्या झोपेचे औषध मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. संपूर्ण भुलीत रुग्ण बेशुद्ध असतो आणि श्वास नळीच्या साहाय्याने चालतो, त्यामुळे जाग आल्यावर घसा दुखणे, मळमळणे आणि थोडी गुंगी राहणे हे त्रास नेहमीचे आहेत.

सन 2013 मध्ये अमेरिकेतल्या लाखो सांधारोपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पाठीतली भूल घेतलेल्यांमध्ये फुप्फुसांच्या तक्रारी आणि रक्त देण्याची गरज कमी आढळली. दमा, जुना खोकला किंवा झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेल्यांनी या निष्कर्षाला विशेष वजन द्यावे. मात्र नोंदींच्या अभ्यासात मुळात कोणाला कोणती भूल दिली गेली, याचाही परिणाम मिसळलेला असतो. त्याच वर्षी स्वीडनमध्ये गुडघ्याच्या 120 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले, तेव्हा शिरेतून दिलेल्या आधुनिक औषधांची संपूर्ण भूल घेतलेल्यांना पहिले दोन तास वेदना अधिक झाल्या, पण पुढे मळमळ आणि चक्कर कमी राहिली. त्यामुळे संपूर्ण भूल म्हणजे हमखास उशिरा उभे राहणे, हा समज मला जुना वाटतो.

पाठीतल्या भुलीचेही उणे आहेच. रक्तदाब उतरू शकतो, लघवी तुंबून नळी घालावी लागू शकते, द्रवात मॉर्फिन मिसळले असेल तर अंगाला खाज सुटते, आणि क्वचित बसले की वाढणारी व आडवे होताच उतरणारी डोकेदुखी मागे लागते. ही पद्धत 1898 मध्ये रूढ करणाऱ्या ऑगस्ट बीअर या जर्मन शल्यविशारदानेही प्रयोगादाखल ती स्वतःवर करून घेतली आणि याच डोकेदुखीपायी अंथरूण धरले. आजच्या बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांमुळे आणि वाढत्या वयात हा त्रास बराच कमी आढळतो.

माझ्या मते, उभे राहण्याच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रश्न वेगळाच आहे : भूल उतरल्यावर वेदनेसाठी काय योजले आहे? पूर्वी जांघेतल्या नसेचा ब्लॉक, म्हणजे नसेभोवती औषध टोचून ती बधिर करणे, सर्रास देत. त्याने वेदना थांबत, पण मांडीचा पुढचा स्नायूही लुळा पडे, आणि वॉकर धरून उठलेल्या रुग्णाचा गुडघा अचानक दुमडून तो पडण्याची भीती असे. मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूने दिला जाणारा अ‍ॅडक्टर कॅनाल ब्लॉक त्या स्नायूची ताकद बरीचशी राखतो. त्याला सांध्याभोवती टोचलेल्या औषधाची जोड मिळाली, की मुख्य भूल कोणतीही असो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी पावले टाकणे शक्य होते.

काही वेळा निवड आपल्या हाती नसतेच. क्लोपिडोग्रेलसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर मणक्यात रक्तस्राव होण्याच्या भीतीमुळे ते साधारण पाच ते सात दिवस आधी थांबलेले असावे लागते. ते थांबवायचे की नाही, हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील, आपण नव्हे. हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल किंवा मणक्याची मोठी शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल, तर ते भूलतज्ज्ञाला पहिल्याच भेटीत सांगावे आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.