टाटा १६१३, २५१५, २५१८ टीसीचं जुनं कमिन्स इंजिन: हाफ काम, फुल काम की इंजिनच बदलायचं?

घाटात गाडी एक गिअर जास्त खाली मागते, ब्रीदरच्या (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून धुराचा झोत येतो, प्रत्येक फेरीला वरून दोन लिटर ऑइल घालावं लागतं. अशी गाडी गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हाफ करून टाकू, शेठ." कधी ते बरोबर असतं. पण ते बोअर (सिलिंडरचं भोक) मोजण्याआधीच उच्चारलेलं असतं, म्हणून त्याला सल्ला म्हणता येत नाही. हाफ म्हणजे ब्लॉक गाडीवरच ठेवून आतले झिजलेले भाग बदलणं, फुल म्हणजे ब्लॉक उतरवून बोअरही नवा करणं.

मॉडेलपुढच्या 'टीसी'चा अर्थ टाटा कमिन्स. १९९३ साली सुरू झालेल्या या भागीदारीचं पहिलं इंजिन जमशेदपूरला बनलेलं ६बीटी, म्हणजे ५.९ लिटर, सहा सिलिंडर. बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२०. या इंजिनाबद्दल निर्णय घेताना सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की त्यात लायनर (सिलिंडरमध्ये बसवलेल्या, बदलता येणाऱ्या नळ्या) नाहीत. पिस्टन थेट ब्लॉकच्या लोखंडात चालतो. कमिन्सच्याच ८.३ लिटरच्या सी सीरिजमध्ये ओले लायनर आहेत. झिजले की उपसून काढा, नवे बसवा. इथे झिजतो तो ब्लॉक, आणि तो नवा करायला मोजक्याच संधी मिळतात: एकदा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज (बोअर तेवढा मोठा करून मोठा पिस्टन), एकदा १.००, आणि त्यानंतर स्लीव्ह (बोअरमध्ये बसवायची नळी) ठोकणे. लायनरच्या इंजिनांवर हात बसलेला मिस्त्री हा हिशेब कधी कधी विसरतो.

उघडण्याआधी

ऑइल जातंय म्हणजे बोअर गेला, असं गृहीत धरू नका. हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडा. पाण्यासोबत काळं ऑइल भसाभस आलं तर चोर एअर कॉम्प्रेसर आहे. टर्बोकडून मॅनिफोल्डकडे जाणारा होज काढून आत बोट फिरवा. ऑइलचा नुसता ओलावा चालतो, थारोळं चालत नाही. ऑइल कमी होण्याऐवजी डिपस्टिकवर वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंपाची गळती आधी शोधा. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं आणि मग खरंच इंजिन उघडावं लागतं.

ताकद कमी असेल तर आधी डिझेल फिल्टर, नोझल आणि टॅपेट (व्हॉल्ववरची फट) बघा. थंड इंजिनवर टॅपेट इनलेटला ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.५१ मिलिमीटर. चालू इंजिनवर एकेका नोझलच्या पाइपचं नट किंचित सैल करत जा. ज्या सिलिंडरला सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो काम करत नाही. हात आणि डोळे मात्र तिथून लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

ऑइल फिलरचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. आयडलला ते थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंग-बोअरचा संशय पक्का. गरम इंजिनचा ऑइल प्रेशर डॅशबोर्डच्या काट्यावर नको, हातगेज लावून बघा. आयडलला किमान ०.७ बार आणि पूर्ण आरपीएमला २.१ बारच्या आसपास हवा. त्याखाली गेला तर प्रश्न खालच्या बेअरिंगांचाही आहे.

एक तपासणी सहसा कुणी करत नाही. टर्बोच्या हवेकडच्या चक्राच्या पात्यांच्या कडा बघा. कडा बोथट, घासलेल्या दिसल्या तर एअर क्लीनरनंतरच्या होजमधून धूळ आत जाते आहे. खडी क्रशर, वाळू किंवा उसाच्या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचं हे नेहमीचं मरण. तो फाटका होज तसाच ठेवला तर खालच्या चारपैकी कुठलाही पर्याय घ्या, काही हजार किलोमीटरांत पैसे मातीत.

चार वाटा शेजारी शेजारी

| | हाफ काम | फुल काम | कंपनीचं एक्स्चेंज इंजिन | बाजारातलं सेकंडहँड |
|---|---|---|---|---|
| गाडी उभी | ३-५ दिवस | ८-१५ दिवस | इंजिन हाती असेल तर २-३ दिवस | २-३ दिवस, शोधाशोध वेगळी |
| ब्लॉक | आहे तसाच | बोअर करून नवा | दुसरा, तपासलेला | दुसरा, इतिहास अज्ञात |
| आरसी | काही नाही | काही नाही | नंबर बदलतो, नोंद लागते | नंबर बदलतो, नोंद आणि मूळ कागद दोन्ही |
| फसलं तर | वर्षभरात पुन्हा उघडणे | बोअरिंगवाल्याची चूक महागात | वॉरंटीच्या अटींवर | पूर्ण नुकसान तुमचं |

दिवस हे पार्ट वेळेवर मिळाले आणि लेथवर रांग नसली तर. उसाच्या हंगामात ते गृहीत धरू नका.

हाफ काम

हाफ म्हणजे इथे हेड उतरवणं, व्हॉल्व ग्राइंड करणं, नव्या रिंगा, कनेक्टिंग बेअरिंग (पिस्टनच्या दांड्याचं) आणि मेन बेअरिंग (क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, ज्यावर फिरतो ते), गॅस्केट सेट. ब्लॉक चॅसिसवरच राहतो. हे काम वाईट नाही, चुकीच्या ब्लॉकवर केलं की वाईट ठरतं.

हेड उतरल्यावर डायल बोअर गेज मागा. व्हर्निअर चालणार नाही. प्रत्येक सिलिंडर वर (रिंग जिथे वळते तिथे), मध्ये आणि खाली मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी: क्रँकच्या रेषेत आणि तिच्या काटकोनात. नवा बोअर १०२.००० ते १०२.०४० असतो. १०२.११६ ही शेवटची मर्यादा. वर-खाली फरक ०.०७६ पेक्षा आणि लंबगोलपणा ०.०३८ पेक्षा जास्त नको. सहाच्या सहा सिलिंडर यात बसले तरच हाफ. एकही बाहेर गेला तर हाफचा विचार तिथेच सोडा.

इतका आग्रह कशासाठी? बोअर वरून ०.१० मिलिमीटर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर रिंगच्या दोन टोकांमधला गॅप पिस्टनच्या प्रत्येक फेरीत या फरकाच्या ३.१४ पट, म्हणजे सुमारे ०.३१ मिलिमीटर उघड-झाप करतो. नवी रिंग कितीही चांगली असली तरी ती अशा भोकात बसत नाही, फक्त धडपडते. शिवाय जुन्या बोअरच्या वरच्या टोकाला झिजेमुळे एक कड उभी राहिलेली असते. जुनी रिंग त्या कडेशी घासून जुळवून घेते. नव्या रिंगचा कोपरा धारदार असतो, तो कडेवर आपटतो आणि वरची रिंग तुटते. म्हणून ती कड आधी कापून काढावी लागते. कड नखाला अडकत असेल तर मोजमापही बहुधा मर्यादेबाहेर निघेल.

रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला आणि फीलर गेजने गॅप बघा. वरच्या रिंगला ०.४० ते ०.७०, दुसऱ्या आणि ऑइल रिंगला ०.२५ ते ०.५५. चॅसिसवर होनिंग (बोअर दगडाने बारीक घासणं) करायचं असेल तर क्रँकचे जर्नल (बेअरिंग जिथे बसतं तो भाग) कापडाने गच्च गुंडाळा. होनिंगची पूड बेअरिंगात गेली तर पाच दिवसांची बचत पाच हजार किलोमीटर टिकणार नाही.

क्रँकचा पुढे-मागे खेळही आत्ताच बघा: ०.१० ते ०.४३ मिलिमीटर. जास्त असेल तर थ्रस्ट (हा खेळ रोखणारं बेअरिंग) गेलं आहे. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची ड्रायव्हरची सवय इथे दिसते.

फुल काम

बोअर मर्यादेबाहेर, पण ब्लॉक आणि क्रँक शाबूत: हेच खरं उत्तर, आणि गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर चारही पर्यायांत आमचा कौल यालाच. कारण साधं आहे. आत काय आहे हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

क्रम मात्र पाळा. पिस्टन आधी विकत घ्या, मोजा, मग ब्लॉक बोअरिंगला पाठवा. "बोअर करून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" म्हणणाऱ्या दुकानातून परत फिरा. जुन्या पिस्टनच्या डोक्यावर आधीच ०.५० कोरलेलं असेल तर एक संधी वापरली गेली आहे. १.०० असेल तर स्लीव्हचाच मार्ग उरतो. सहाही सिलिंडरला स्लीव्ह बसवायला चांगला हात लागतो. सैल बसलेली स्लीव्ह उष्णता नीट बाहेर सोडत नाही आणि पिस्टन चिकटतो.

होनिंगनंतर बोअरमध्ये तिरप्या रेघांची जाळी दिसायला हवी, ब्लॉकच्या वरच्या पातळीशी १५ ते २५ अंशांत. मग ब्लॉक गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुवा. डिझेलने धुतला की दगडाची पूड रेघांत तशीच राहते. पांढरं कापड तेलात भिजवून बोअर पुसा. करडं झालं तर पुन्हा धुणं. हा अर्धा तास वाचवणारे मिस्त्री खूप आहेत.

क्रँकचे मेन जर्नल नवे असताना ८३ आणि कनेक्टिंगचे ६९ मिलिमीटर असतात. अंडरसाइज बेअरिंग ०.२५ च्या पायऱ्यांनी १.०० पर्यंत मिळतं. ग्राइंडिंगवाल्याने कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवली का बघा. तिथे धारदार खाच राहिली की क्रँक नेमका तिथूनच तुटतो. ग्राइंडिंगआधी तडा तपासून घ्या.

बोल्ट अंदाजाने आवळू नका. मेन कॅप तीन टप्प्यांत ६०, ११९, १७६ न्यूटन-मीटर. कनेक्टिंग ३५, ७०, १००. हेडचे २६ बोल्ट मधून बाहेर या क्रमाने: आधी सगळे ९० ला, मग लांब बोल्ट १२० ला, मग सगळ्यांना आणखी ९० अंश. जुन्या छापील पुस्तिकांत ४०, ८५, १२६ ही पद्धतही आढळते. दोन्हींची भेसळ करू नका.

पुढचं कव्हर उघडलंच आहे तर टायमिंग गिअरच्या हाउसिंगमधली एक छोटी स्टीलची डॉवेल पिन बघा. कंपनाने ती हळूहळू बाहेर सरकते आणि गिअरमध्ये पडते. पडली तर दात, कॅम (व्हॉल्व उघडणारा दांडा), कधी हाउसिंगच फुटतं. शेजारच्या बोल्टखाली एक पट्टी बसवून तिचं तोंड झाकता येतं. खर्च चहापाण्याइतका.

बेअरिंग वितळलं असेल तर ऑइल कूलर धुऊन परत लावू नका, नवा घ्या. त्याच्या पातळ पट्ट्यांतली धातूची चुरी निघत नाही आणि नव्या बेअरिंगांत जाते. पिस्टनच्या पोटावर ऑइल उडवणारे जेट असलेल्या ब्लॉकमध्ये ते स्वच्छ करा आणि मेन बेअरिंगचे वरचे शेल त्यांच्यासाठी भोक असलेलेच घ्या. टॅपेट (इथे कॅमवर टेकणारे सुटे भाग) या इंजिनात खालून येतात. कॅम बाहेर आहे तोवर त्यांचे तळ बघून घ्या, नंतर हेच काम डोकेदुखी होतं.

कंपनीचं एक्स्चेंज

टाटा मोटर्सच्या 'प्रोलाइफ'मध्ये जुनं इंजिन देऊन पुन्हा उभं केलेलं मिळतं, वॉरंटीसह. ज्याची गाडी बांधील कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि रोज उभी राहिली तर दंड बसतो, त्याने हेच बघावं. तुमचं जुनं इंजिन कोणत्या अवस्थेत स्वीकारतात ते आधी लेखी घ्या. ब्लॉकला खिडकी पडली असेल (कनेक्टिंग तुटून बाहेर आलं असेल) तर किमतीचं गणित बदलतं.

सेकंडहँड

कुर्ला, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर किंवा दिल्लीचं मायापुरी, कुठूनही घ्या, पण हे फक्त तेव्हा जेव्हा तुमचा ब्लॉक किंवा क्रँक गेलाय आणि गाडी दोन वर्षांत विकायची आहे. इंजिनच्या प्लेटवरचा सीपीएल नंबर (कंट्रोल पार्ट्स लिस्ट, म्हणजे आत कोणते पार्ट आहेत त्या यादीचा नंबर) तुमच्या जुन्या इंजिनाशी जुळवा. सगळी ६बीटी एकसारखी नसतात. पिस्टन, टर्बो, पंपाचं सेटिंग सीपीएलप्रमाणे बदलतं. संपचा (खालच्या ऑइलच्या टाकीचा) खोलगट भाग पुढे की मागे, फ्लायव्हील हाउसिंग कोणतं, हेही बघा. नाहीतर इंजिन येतं आणि चॅसिसवर बसतच नाही. संप उतरवून एक मेन आणि एक कनेक्टिंग कॅप उघडू देत नसेल तर विक्रेत्याला नमस्कार करा. डॉवेल पिनची पट्टी बसवण्याआधी ते गाडीत चढवू नका.

कागदांची बाजू हलकी घेऊ नका. इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी आहे. तिथे ब्लॉकवरचा नंबर आरसीशी जुळला नाही तर गाडी तिथेच अडकते. विक्रेत्याकडून बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या भंगार नोंदीचा कागद घ्या. घासलेला किंवा पुन्हा पंच केलेला नंबर दिसला तर भाव कितीही कमी असो, हात लावू नका.

पहिली सुरुवात

नव्या रिंगा आयडलवर बसत नाहीत, बोअर उलट गुळगुळीत होऊन चकाकतो. सुरू करण्याआधी नवा ऑइल फिल्टर भरून लावा, टर्बोच्या पाइपमध्येही ऑइल सोडा, आणि प्रेशर येईपर्यंत डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर फिरवा. एका वेळी ३० सेकंदांहून जास्त नको, स्टार्टर जळतो. सुरू झाल्यावर दहा मिनिटांत गळती बघून गाडी रस्त्यावर काढा, अर्ध्या भाराने चालवा, आरपीएम वर-खाली होऊ द्या. पहिलं ऑइल आणि फिल्टर हजार-दोन हजार किलोमीटरवर बदला, तेव्हाच थंड इंजिनवर टॅपेट पुन्हा ०.२५ आणि ०.५१ ला लावा. जुना फिल्टर कापून कागद उलगडा. थोडी करडी पूड चालेल, पितळी चकचकीत कण दिसले तर गाडी पुढच्या फेरीला पाठवू नका.