स्त्रियांची कर्करोग तपासणी: पालिका, ईएसआयसी, विमा की स्वखर्च?

आरोग्य विमा आहे म्हणजे मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि पॅप टेस्टचे (गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी) पैसे कंपनी देईल, हा हिशेब बहुतेक पॉलिसींत चुकतो. विमा मुळात आजारावरच्या उपचारासाठी असतो, काही त्रास नसताना केलेली चाचणी त्यात आपोआप येत नाही. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या बाईपुढे पर्याय चार: महापालिकेची मोफत तपासणी, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळ), कंपनीचा किंवा स्वतःचा विमा, आणि स्वखर्चाने चाचणी करून प्राप्तिकरातली वजावट. कुठला घ्यायचा, हे आधी कुठली चाचणी हवी त्यावर ठरतं.

गर्भाशयमुखासाठी पालिकेचं नागरी आरोग्य केंद्र आधी गाठावं. राष्ट्रीय कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर 5 वर्षांनी व्हीआयए तपासणी धरलेली आहे. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. निकाल तिथेच कळतो. मोफत आहे म्हणून नाक मुरडू नये: टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हीच तपासणी दर 2 वर्षांनी करून घेतली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तो अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. मर्यादाही आहे. पाळी गेल्यानंतर जिथे पेशी बदलतात ती सीमारेषा आत सरकते, डोळ्यांना दिसत नाही. पन्नाशीनंतर म्हणून पॅप किंवा एचपीव्ही (या कर्करोगामागच्या विषाणूची) चाचणी बरी, आणि तिचे पैसे बहुधा स्वतःच भरावे लागतात. पॅपच्या आधी 48 तास योनीमार्गात औषध नको, शरीरसंबंध नको. पाळी चालू असताना नमुना देऊ नये, पुन्हा बोलावतात.

पालिकेच्या वाटेवर गाडी अडते ती पुढच्या टप्प्यावर. व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, पण कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) व्हायलाच हवी, आणि ती केंद्रावर होत नाही. निघण्याआधीच विचारून घ्या: चिठ्ठी कुठली, वाशी, नेरूळ, ऐरोलीची की कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची? ओपीडी कोणत्या वारी? चिठ्ठी घरी पडून राहिली तर मोफत तपासणीचा काही उपयोग नाही.

स्तनांसाठी या कार्यक्रमात हाताने तपासणी आहे, मॅमोग्राफी नाही. मुंबईतल्याच 20 वर्षांच्या अभ्यासात (निष्कर्ष 2021) दर 2 वर्षांच्या अशा तपासणीने 50 वर्षांपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. चाळिशीच्या आत स्तन दाट असतात, मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. त्या वयात काही त्रास नसताना आणि घरात कुणाला हा आजार नसताना महागडं पॅकेज घेण्यात अर्थ नाही. चाळिशीनंतर मॅमोग्राफीचा विचार करावा. वेळ पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली घ्यावी, म्हणजे दुखतं कमी. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात.

महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर विम्याच्या जाहिराती बाजूला ठेवा. तुमच्या पगारातून 0.75 टक्के जातात, मालक 3.25 टक्के भरतो, आणि नेमलेल्या दवाखान्यातून मिळणाऱ्या उपचारांवर रकमेची मर्यादा नसते. चाळिशीपुढच्या विमाधारकांसाठी वार्षिक तपासणीची सोय आहे. मॅमोग्राफीसाठी मात्र दवाखान्यातल्या डॉक्टरांची शिफारस घेऊनच पुढे जायचं. परस्पर खासगी सेंटरवर केली तर बिल परत मिळेल असं धरून चालू नका.

खासगी विम्यात ‘मोफत हेल्थ चेक-अप’ हे शब्द पाहून थांबू नका, चाचण्यांची यादी मागवा. बऱ्याचदा त्यात रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढंच असतं. मॅमोग्राफी आणि पॅप नावानिशी आहेत का, वयाची अट काय, पत्नीलाही लागू आहे का, ठाण्यातलं किंवा वाशीतलं कुठलं सेंटर कॅशलेस देतं, हे ईमेलवर लेखी घ्या. पॉलिसी वर्षात वापरली नाही तर ही सवलत सहसा बुडते. यादीत सीए-125, सीईए असे ट्यूमर मार्कर (कर्करोगाशी जोडलेल्या घटकांच्या रक्तचाचण्या) भरलेले दिसले तर भुलू नका. त्रास नसलेल्या बाईसाठी ती तपासणी नव्हे. साध्या कारणांनीही आकडे वाढतात आणि मग सोनोग्राफी-सीटीची रांग लागते.

काही जण नुसत्या तपासणीसाठी दाखल होऊन क्लेम टाकतात. केवळ निदानासाठी दाखल होणं हे पॉलिसीतल्या प्रमाणित अपवादांत (ज्याचे पैसे कंपनी देत नाही त्या यादीत) चौथ्या क्रमांकावर छापलेलं असतं, क्लेम फेटाळला जातो. स्तनात गाठ जाणवत असेल तर ती चाचणी स्क्रीनिंग (त्रास नसताना केलेली तपासणी) राहतच नाही. ओपीडी कव्हर (दाखल न होता केलेल्या उपचारांचं संरक्षण) नसेल तर खर्च तुमचा. रिपोर्टमध्ये काही आल्यावर नवी पॉलिसी घेताना ते लपवू नका. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं असते, पण लपवलेलं सापडलं तर दावाच जातो.

स्वखर्चाने केली तर जुन्या करपद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत वजा होतात, रोख भरले तरी चालतं. ही रक्कम आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी असलेल्या 25,000 च्या मर्यादेतच मोजली जाते. हप्ताच 25,000 असेल तर फायदा शून्य. 20 टक्क्यांच्या टप्प्यात पूर्ण 5,000 वापरले तरी सेससह 1,040 रुपयेच वाचतात, आणि नवी करपद्धत निवडली असेल तर तेही नाहीत.

महात्मा फुले जन आरोग्य योजना या रांगेत बसत नाही. ती तपासणीला पैसे देत नाही; निदान झाल्यावर शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशनसाठी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत देते. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव आत्ताच जुळवून ठेवा, विशेषतः लग्नानंतर नाव बदललं असेल तर.