साठ वेळा चावा आणि रंग पाहा : चर्वणक्षमता मोजणाऱ्या च्युइंगगमचे परीक्षण

कवळी बसवून दिल्यावर रुग्णाला विचारायचा ठरलेला प्रश्न म्हणजे "आता नीट चावता येते ना?" आणि त्याला मिळणारे ठरलेले उत्तर म्हणजे "हो, डॉक्टर." नाशिकच्या माझ्या दवाखान्यात हे प्रश्नोत्तर अनेक वर्षे चालू आहे आणि त्या उत्तरावरचा माझा विश्वास वर्षागणिक कमी होत गेला आहे. म्हणून लोट्टे या जपानी कंपनीने चावण्याची क्षमता तपासण्यासाठी बनवलेले, रंग बदलणारे च्युइंगगम मी स्वतःच्या पैशाने मागवले आणि चार महिने वापरले.

हे गम म्हणजे ३ ग्रॅम वजनाची, ७ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशी पिवळट हिरवी पट्टी असते. तिच्यात तांबडा, पिवळा आणि निळा असे तीन रंग, झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ आणि सायट्रिक आम्ल असते. आम्ल आहे तोवर तांबडा रंग उमटत नाही. चावता चावता आम्ल लाळेत उतरते, पिवळा आणि निळा रंगही लाळेबरोबर निघून जातात आणि गम हळूहळू गुलाबी व शेवटी तांबडे होते. सेकंदाला एक याप्रमाणे ६० वेळा चावायचे, गम बाहेर काढायचे आणि रंगांच्या तक्त्याशी ताडून पाहायचे, एवढीच कृती आहे. संशोधनात डोळ्यांवर भिस्त न ठेवता हाच रंग रंगमापक यंत्राने मोजून आकड्यात मांडतात. दवाखान्यात मात्र तक्ता पुरतो. फक्त तो दरवेळी एकाच उजेडात पाहावा, कारण पिवळ्या बल्बखाली प्रत्येक गम थोडे अधिकच तांबडे भासते.

पहिली पट्टी मी स्वतः चावली आणि ती अपेक्षेप्रमाणे तांबडी झाली. दुसरी आईला दिली. तिच्या तोंडात वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी आहे, तीही मीच केलेली. "अगं, मला सगळं चावता येतं, उगाच तपासू नकोस," असे म्हणत तिने ६० वेळा चावले आणि बाहेर आलेला गोळा जेमतेम फिकट गुलाबी होता, मध्ये पिवळे पट्टे तसेच राहिलेले. मग जेवताना तिच्याकडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की ती भाकरी आमटीत कुस्करून, पुरती मऊ झाल्यावरच खाते, आणि काकडीची कोशिंबीर ताटात वाढून घेते पण संपवत नाही. खोटे ती बोलत नव्हती. जे चावता येत नाही ते तिने ताटातूनच हळूहळू वजा केले होते, आणि जे उरले ते सगळे तिला चावता येतच होते. दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकत नव्हत्या, तो दोष मी घासून दूर केला. दीड महिन्यानंतरचा गोळा माझ्याइतका तांबडा झाला नाही, पण पट्टे गेले होते.

या पद्धतीचे पूर्वज मात्र आपल्या स्वयंपाकघरातले वाटावेत असे आहेत. १९५० मध्ये मॅनली आणि ब्रेली या संशोधकांनी शेंगदाणे चावायला देऊन ते तोंडातून परत घेतले आणि चाळणीने चाळून किती कूट खाली पडते ते मोजले. चाळणीची पद्धत आजही मानाची आहे, पण किळसवाणी आणि वेळखाऊ आहे, आणि शेंगदाण्याचा दाणा सगळीकडे सारखा नसतो. त्या मानाने गम महाग असले तरी ते स्वच्छ आहे आणि निकाल दोन मिनिटांत हातात येतो.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, जो विक्रेत्यांच्या वर्णनात मला कोठेही आढळला नाही. शेंगदाणा मोजतो तो पदार्थ फोडण्याची ताकद. गम मोजते ते घास एकजीव करण्याचे कसब, ज्यात दाढांइतकाच जिभेचा आणि गालांचा वाटा असतो. जपानमध्ये २०१८ पासून 'मुखकार्यक्षीणता', म्हणजे चावणे-गिळणे अशी तोंडाची कामे मंदावणे, हे निदान आरोग्य विम्यात धरले जाते आणि तेथील एका चाचणीत २ ग्रॅमची ग्लुकोजयुक्त जेलीची गोळी २० सेकंद चावून, पाण्याने चूळ भरून, त्या पाण्यातील ग्लुकोज मोजतात. ते डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले तर क्षमता घटली असे मानतात. ती चाचणी तुकडे करण्याची आहे. शिवाय गमचा रंग लाळेच्या भरवशावर बदलत असल्याने ज्यांचे तोंड औषधांमुळे कोरडे पडते त्यांचा निकाल जपून वाचावा. म्हणून मी हे गम निदानासाठी वापरत नाही. एकाच माणसाची आजची पट्टी त्याच्याच जुन्या पट्टीशी ताडण्यासाठी वापरते, आणि त्या कामात ते उत्तम आहे.

एकजीव करण्याचे हे मोजमाप किती दूर जाते, हे नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या संशोधकांच्या कामातून दिसते. तेथे लाल आणि निळ्या मेणाची दुपदरी वडी २० वेळा चावायला देतात आणि रंग किती मिसळले ते छायाप्रतिमेवरून मोजतात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या स्नायू दुबळे करणाऱ्या दुर्मीळ मज्जाविकाराच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांवर ही चाचणी, आणि तिच्या जोडीला सलग ६ मिनिटे चावण्याची चाचणी वापरली गेली, तेव्हा चर्वणाची गुणवत्ता आणि दम दोन्ही कमी आढळले. या आजारात हालचालींची क्षमता मोजण्यासाठी प्रचलित असलेल्या विस्तारित हॅमरस्मिथ मापनपट्टीत ३३ कृती आणि ६६ गुण आहेत; त्या बसणे, वळणे, उठणे, चालणे पाहतात, जबडा पाहत नाहीत. महागडे औषध घेणाऱ्या मुलाचे हात किंचित बळावले की गुण वाढतात. तोच मुलगा अर्ध्या जेवणातच थकून ताट बाजूला सारतो, हे त्या पट्टीत उमटत नाही. मला हा या सगळ्या संशोधनातला सर्वांत उपयोगाचा धडा वाटला, आणि माझ्या गमची उणीवही त्यातूनच उघडी पडते: ६० वेळा चावण्यात दम कळत नाही. ज्यांना गिळताना ठसका लागतो अशा मज्जाविकाराच्या रुग्णांना मात्र हे गम घरच्या घरी मुळीच देऊ नये.

मागवण्याचा अनुभव समाधानकारक नव्हता. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून पाकिटे घेतली त्याने मुदत संपायला तीन आठवडे उरलेला माल पाठवला, रंगांचा तक्ता पाठवायला तो विसरला आणि दोन ईमेलनंतर त्याने त्याचे छायाचित्र पाठवले, जे रंग ताडण्याच्या कामाचे नसते. दुसरी खेप ओळखीच्या एका विद्यार्थिनीने ओसाकाहून येताना आणली. मे महिन्यात त्यातले एक पाकीट माझ्याच चुकीने गाडीत राहिले आणि मऊ पडून कागदाला चिकटले. बाकीची कपाटात, थंड जागी ठेवली आहेत. घरात कुत्रा असेल तर चावून झालेला गोळाही झाकणाच्या डब्यातच टाकावा, कारण झायलिटॉल कुत्र्यांसाठी विषारी असते. आमचा टिप्या कचऱ्याची बादली उपसण्यात पटाईत असल्याने आईची तपासणी आता दवाखान्यातच होते.