अणुसंमीलनाची वीज : करार झाले, माल यायचा आहे

अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रे एकत्र जोडताना निघणाऱ्या ऊर्जेपासून करायच्या विजेचे परीक्षण वापरून करता येत नाही, कारण जगातील कोणत्याही ग्रिडला तिचे एक युनिटही अद्याप मिळालेले नाही. विक्री मात्र सुरू झाली आहे. २०२८ पासून वीज पुरवण्याचा करार हेलियन या अमेरिकी कंपनीने २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टशी केला, आणि कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सच्या व्हर्जिनियातील नियोजित ४०० मेगावॉट केंद्राची निम्मी वीज गूगलने २०२५ मध्ये राखून ठेवली. केळीच्या रावेर तालुक्याच्या भाषेत सांगायचे तर कंद लावण्याआधीच घडांचा सौदा झाला आहे.

जाहिरातीत सर्वाधिक मिरवला जाणारा आकडा डिसेंबर २०२२ चा आहे. कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर-संमीलन प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेसर-ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा निघाली. प्रयोग ऐतिहासिकच, परंतु ते लेसर चालवण्यासाठी ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते, आणि मीटर मोजतो तो हाच आकडा. फ्रान्समधील इटर या आंतरराष्ट्रीय संमीलन-प्रयोगाच्या प्रकल्पात तर वीजनिर्मितीची सोयच नाही, आणि सुधारित वेळापत्रकानुसार तेथील ड्यूटेरियम-ट्रिटियमचे (हायड्रोजनचे हे दोन जड प्रकार म्हणजे संमीलनाचे इंधन) प्रयोग २०३९ मध्ये व्हायचे आहेत. (इटरचे यंत्र अतिथंड ठेवणाऱ्या प्रचंड निर्वात आवरणाचे, म्हणजे क्रायोस्टॅटचे, भाग आपल्याच तापीच्या मुखाशी, हजिऱ्याला तयार झाले, हे जाता जाता नोंदवतो.)

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रात नोकरी केलेल्या माणसाला संमीलन केंद्राचा बराच भाग ओळखीचा वाटेल. हेलियनसारखे अपवाद सोडले तर बहुतेक आराखड्यांत उष्णतेने पाण्याची वाफ करून टर्बाइनच फिरवायचे आहे. म्हणजे कोळशाचा खर्च आणि धूर वाचला तरी टर्बाइन, कंडेन्सर आणि शीतकरणाचा खर्च कायम राहतो, आणि बॉयलरच्या जागी अतिवाहक (विजेला रोध न करणारे) चुंबक व ज्यात संमीलन घडते ते निर्वात पात्र यांचा मोठा भांडवली बोजा येतो. संमीलनातून सुटणाऱ्या वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने या पात्राची आतील भिंत झिजते, किरणोत्सारी होते आणि ठराविक काळाने यंत्रमानवांकडून बदलावी लागते. तेवढे दिवस केंद्र बंद. ट्रिटियमचे अर्धायुष्य जेमतेम १२.३ वर्षे असून निसर्गात ते जवळजवळ सापडत नाही, त्यामुळे केंद्राने ते लिथियमपासून स्वतःच निर्माण केले पाहिजे. ही गोष्ट व्यापारी प्रमाणावर कोणीही करून दाखवलेली नाही.

इतके भांडवल गुंतवलेले केंद्र अहोरात्र चालले तरच परवडेल. आपल्या शेतकऱ्याची तक्रार मात्र रात्री मिळणाऱ्या विजेबद्दल आहे, आणि दिवसाची त्याची गरज सौरपंप आजच भागवू शकतो. त्यामुळे हा माल कृषिपंपासाठी नाहीच. तो चोवीस तास अखंड वीज हवी असलेल्या आणि त्यासाठी जादा दर मोजू शकणाऱ्या डेटा सेंटरांसाठी आहे, आणि पहिले ग्राहक नेमके कोण आहेत हे वर आलेच आहे.

गुण देताना मी कार्बनमुक्ततेला पाचपैकी पाच, उपलब्धतेला शून्य दिले आणि किमतीचा रकाना कोरा ठेवला. मॅसॅच्युसेट्समध्ये उभे राहत असलेले कॉमनवेल्थ फ्यूजनचे स्पार्क हे प्रायोगिक यंत्र उद्या यशस्वी झाले तरी तो रकाना लगेच भरणार नाही, कारण त्यासाठी आतील भिंत किती महिने टिकते आणि ती बदलायला किती खर्च येतो, हे प्रत्यक्ष चालत्या केंद्रातूनच कळावे लागेल.